मंगळवारी दुपारी मोकळे आहात का? कोल्हापुरात स्वयंसेवी काम सुरू करताना

संकटात कोल्हापूरला हाक मारावी लागत नाही. पंचगंगा पात्राबाहेर पडली की पेठांतली पोरं दोऱ्या घेऊन निघतात, तालमीच्या दारात चुली पेटतात, घराघरांतून भाकरी गोळा होतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे साऱ्यांनी पाहिलं. पण त्याच शहरातल्या एखाद्या संस्थेत फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी जाऊन बघा. दहावीच्या मुलीचं गणित घ्यायला, आजोबांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायला, देणगीच्या पावत्या संगणकावर चढवायला माणूस नसतो. हा लेख मुख्यतः त्या मंगळवारसाठी आहे. पुराच्या कामाबद्दलही सांगतो, कारण कोल्हापुरात त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आधी वेळ ठरवा

“मला समाजासाठी काहीतरी करायचंय” या वाक्यावर कुठल्याही संस्थेला काही करता येत नाही. “मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच, जूनपर्यंत” यावर करता येतं. म्हणून फोन उचलण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: आठवड्यातले कोणते तास नक्की मोकळे आहेत, किती महिने ते मोकळे राहतील, आणि घरापासून किती लांब जाणं रोजच्या जगण्यात बसेल. कळंब्यात राहणाऱ्याने उचगावातलं काम घेतलं तर संध्याकाळच्या गर्दीत जाण्यायेण्यातच उत्साह संपतो. पहिल्यांदा काम घेताना जमेल असं वाटतं त्याच्या निम्मंच कबूल करा. वाढवायला कुणाची ना नसते.

रविवारचा आग्रह शक्यतो सोडा. रविवारी बहुतेक संस्थांत पाहुण्यांची रीघ असते. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुठल्या तरी मंडळाचं फळवाटप. त्या दिवशी मुलं तीनदा केक खातात आणि चारदा रांगेत उभी राहून फोटो देतात. सोमवारी त्यांचा गृहपाठ बघायला कुणी नसतं. वाढदिवस मुलांच्या वसतिगृहात साजरा करण्याची पद्धत मला स्वतःला आवडत नाही. ज्याच्या वाढदिवसाला घरून कुणी येत नाही, त्याला दर आठवड्याला दुसऱ्याचा थाट बघायला लावायचा, हे काही बरं नाही. द्यायचंच असेल तर त्या दिवसाच्या जेवणाचा खर्च कार्यालयात भरा, पावती घ्या आणि घरी जा.

मग येतं कौशल्य. इथे लोक स्वतःला कमी लेखतात. टॅली येणं, सरकारी अर्ज बिनचूक भरता येणं, चारचाकी चालवता येणं, शंभर माणसांच्या आमटीचा अंदाज असणं, नळ दुरुस्त करता येणं ही सगळी संस्थांना हवी असलेली कामं आहेत. कन्नड येत असेल तर ते सांगायला विसरू नका. सीमाभागातून आलेल्या रुग्णांजवळ आणि मजुरांच्या वस्तीत त्याचा फार उपयोग होतो.

काम कुठं आहे

कोल्हापूरला संस्थांची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहावीत म्हणून जागा आणि मदत दिली, म्हणून या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. त्यांतली काही बोर्डिंगं अजून चालू आहेत. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांना इंग्रजी, गणित किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करून देणारा माणूस तिथे वाया जात नाही.

अपंगत्वाच्या क्षेत्रात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था महाराष्ट्रभर माहीत आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शेंडा पार्कात चेतना आहे. या क्षेत्रात पहिल्या दिवशी शिकायचं ते एवढंच: न विचारता हात लावायचा नाही. व्हीलचेअर ढकलण्याआधी विचारा, अंध व्यक्तीचा दंड धरून ओढू नका, तुमचा दंड त्यांना धरू द्या. बोलताना सोबतच्या माणसाशी नाही, त्यांच्याशीच बोला. ज्याला शारीरिक सेवा जमणार नाही त्यालाही इथे भरपूर काम आहे. युडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे ऑनलाइन अर्ज, प्रमाणपत्रासाठी सीपीआर रुग्णालयाला घालावे लागणारे हेलपाटे, बसचे पास, शिष्यवृत्तीची कागदपत्रं यांत घरच्यांचे दिवसच्या दिवस जातात. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात. लेखनिकाच्या शिक्षणाचे नियम परीक्षेप्रमाणे बदलतात, म्हणून नाव देण्याआधी ते विचारून घ्या आणि त्या विद्यार्थ्यासोबत किमान एक सराव पेपर लिहून बघा.

मुलांसाठी बालकल्याण संकुल आहे. वीटभट्टी, ऊसतोड आणि कचरावेचक कुटुंबांतल्या मुलांसाठी अवनि ही संस्था काम करते. इथे हंगाम समजून घ्यावा लागतो. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून टोळ्या येतात आणि गाळप संपलं की जातात. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी विझतात. या मुलांना शिकवायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ. जूनमध्ये हौसेनं नाव नोंदवलेल्या माणसाला तेव्हा वस्ती रिकामी सापडते.

सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, जिल्ह्यातूनच नाही तर कोकणातून आणि सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. केसपेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या इमारतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला कुठं भेटायचं, रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर काय करायचं, हे समजावून सांगणारा माणूस गांगरलेल्या नातेवाइकाला औषधाइतकाच लागतो. मात्र आपल्या मनानं वॉर्डात हिंडू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून किंवा तिथे आधीच काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जा. औषधाचा किंवा उपचाराचा सल्ला द्यायचा नाही, अगदी घरचा काढासुद्धा नाही.

ज्येष्ठांसाठी काम करायचं असेल तर नोव्हेंबर ध्यानात ठेवा. पेन्शनधारकांना हयातीचा दाखला तेव्हा द्यायचा असतो, ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. तो आता मोबाइलवरून चेहरा दाखवूनही होतो, पण अनेक आजी-आजोबांना त्यासाठी बँकेत रांग लावावी लागते. गल्लीतल्या दहा-पंधरा जणांचं काम एका दुपारी होऊन जातं. ओटीपी त्यांनाच त्यांच्या हातानं टाकायला सांगा. पासबुक, पिन, एटीएम कार्ड यांपैकी काहीही तुमच्याजवळ ठेवून घेऊ नका, त्यांनी आग्रह केला तरी.

पुस्तकांत रमणाऱ्यांनी आपल्या भागातल्या वाचनालयात विचारावं. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं आहे. पर्यावरणाचं काम रंकाळा आणि पंचगंगेभोवती वर्षभर चालतं, पण खरी गरज गणेशोत्सवात. घरगुती गणपती गौरीबरोबर जातात त्या एका दिवशी पंचगंगा घाट, इराणी खण, प्रभागाप्रभागांतल्या विसर्जनाच्या काहिली, सगळीकडे माणसं लागतात. मूर्तीदान आणि निर्माल्यदान या शहरानं स्वीकारलं ते अशाच स्वयंसेवकांमुळं. तिथलं काम साधं आहे: हार, दूर्वा एका बाजूला, प्लास्टिक आणि थर्माकोल दुसऱ्या बाजूला. फक्त वाद घालायचा नाही. ज्याला नदीतच विसर्जन करायचंय त्याला नमस्कार करून निदान निर्माल्य तेवढं मागून घ्यायचं.

संस्था पारखून घ्या

नाव मोठं आहे किंवा भिंतीवर मान्यवरांचे फोटो आहेत एवढ्यावर जाऊ नका. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि त्यांना दरवर्षी लेखापरीक्षण केलेले हिशेब तिथे द्यावे लागतात. नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नाही. चांगल्या संस्थेच्या पावतीवर तो छापलेलाच असतो. मुलांना ठेवून घेणारी संस्था असेल तर बाल न्याय कायद्याखालची वेगळी नोंदणी लागते, ती आहे का तेही विचारा.

कागदांपेक्षा जास्त मला स्वयंपाकघर सांगतं. आधी कळवून एकदा जा, आणि शक्य झालं तर जेवणाच्या वेळी. ताटात काय आहे, मुलं वाढणाऱ्या मावशींशी कसं बोलतात, संडास कसे आहेत, कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का, हे तासाभरात कळतं. जिथे पहिल्याच भेटीत तुमच्याकडे रोख देणगी मागितली जाते, पावती “नंतर पाठवतो” म्हणतात, मुलांना तुमच्यासमोर उभं करून त्यांची करुण कहाणी सांगायला लावतात, किंवा मुलांबरोबर एकट्यानं हवं तिथं फिरायला बिनदिक्कत परवानगी देतात, तिथून चहा पिऊन निघा. शेवटची गोष्ट तुम्हाला विश्वासाची वाटेल, पण ती बेफिकिरी आहे.

देणगी द्यायची वेळ आली तर ऑनलाइन किंवा धनादेशानं द्या. जुन्या करपद्धतीत देणगीवर मिळणारी ८०जी ची करसवलत रोखीतल्या २,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेवर मिळत नाही, धान्य-कपड्यांवर तर नाहीच.

पहिला फोन

फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा आणि देऊ करण्याआधी विचारा. साधारण असं:

“नमस्कार मॅडम, मी राजारामपुरीतून बोलतोय. बँकेतून निवृत्त झालोय. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास येऊ शकतो, हिशेबाचं काम येतं. तुमच्याकडं सध्या कशाची गरज आहे?”

“काका, हिशेबाला माणूस आहे ओ. पण पोरांना दातांच्या डॉक्टरांकडं न्यायला कुणी नाही. जमंल का?”

इथे बहुतेकांची गाडी अडते. आपल्याला जे द्यायचंय ते त्यांना नको असतं. जमणार असेल तर हो म्हणा, नसेल तर सरळ नाही म्हणा. “बघतो, कळवतो” हे उत्तर संस्थांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यानंतर तुमचं नाव वहीत चढत नाही. मेसेज पाठवून उत्तर आलं नाही म्हणून रागावू नका. तिथे फोन उचलणारी व्यक्तीच बऱ्याचदा स्वयंपाकाचं सामान आणायलाही गेलेली असते. दोन दिवसांनी परत करा.

पहिल्या भेटीला आधारची प्रत आणि एक फोटो न्या. मुलांच्या किंवा महिलांच्या संस्थेत पोलिस पडताळणी मागितली तर आनंदानं द्या. त्याच भेटीत चार गोष्टी ठरवून टाका: काम नेमकं काय, कुणाला विचारायचं, येणार नसलो तर कुणाला कळवायचं, आणि प्रवासखर्च कुणाचा. पेट्रोल स्वतःचं घालायची तयारी बहुतेकांची असते, पण डॉक्टरांची फी किंवा औषधं स्वतःच्या खिशातून देऊन नंतर संकोचानं गप्प बसणं नात्याला वाईट.

मुलांच्या संस्थेत कडक राहा

बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. तुमचं स्टेटस, रील, मंडळाचं पेज, स्थानिक वृत्तपत्रातली बातमी कशालाच यात सूट धरू नका. चेहरा धूसर केला तरी मागचा फलक आणि गणवेशाचा बिल्ला ओळख सांगतो. सोपा नियम: संस्थेच्या दारात फोन खिशात.

मुलाशी एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, चोरून खाऊ किंवा पैसे द्यायचे नाहीत, “तुला घरी घेऊन जाईन” असं लाडातसुद्धा म्हणायचं नाही. आईबाबांबद्दल विचारू नका, त्याला वाटलं तर तो सांगेल. आणि एखाद्या मुलानं कुणी त्रास दिल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल हे कारण चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

शिकवायला गेलात तर पहिला महिना अभ्यासक्रम बाजूला ठेवा. मुलाला खरंच वाचता येतं का ते बघा. सातवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर तिथूनच सुरुवात, आणि हे त्याच्या मित्रांसमोर उघड न करता.

पुरात उतरताना

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. पाणी ३९ कडे सरकायला लागलं आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पुढच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो. पाणी शिरतं ते इथे: सुतारवाडा, दुधाळीसारखे सखल भाग, चिखली-आंबेवाडी, पलीकडे शिरोळ तालुका. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, त्यामुळं बाहेरची मदत अडकून पडली. पहिले दिवस शहरानंच निभावले. म्हणूनच तयारी पावसाआधी हवी.

मे महिन्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करा, किंवा व्हाईट आर्मीसारख्या बचावकार्यातल्या संघटनेकडे जाऊन शिका. ज्यानं प्रशिक्षण घेतलेलं नाही त्यानं पाण्यात उतरायचं नाही, मग तो रंकाळ्यात लहानपणापासून पोहत असला तरी. पुराच्या पाण्यात कुंपणाच्या तारा, उघडी गटारं आणि विजेचा प्रवाह असतो. अप्रशिक्षित माणूस बुडायला लागला की बोटीची एक फेरी त्याच्यासाठी जाते.

पाण्याबाहेर काम कमी नसतं. स्थलांतर केंद्रात नावांची वही ठेवणारा, कुणाला रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या लागतात त्याची यादी करणारा, तान्ह्या बाळांची आणि गरोदर बायकांची वेगळी सोय बघणारा माणूस पहिल्या दिवशी हवा. उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद पडतात, तेव्हा टँकरच्या रांगा लावणं हेही मोठं काम असतं. जनावरांना विसरू नका. म्हशी सोडून यायला शेतकरी तयार होत नाही, छावणीत वैरण आहे असं कळलं तर लवकर निघतो.

मदत पाठवताना यादी मागून घ्या. जुने कपडे पाठवू नका. पुरानंतर त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात आणि उचलण्याचं काम पुन्हा स्वयंसेवकांवरच येतं. लागतं ते असं: सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं, टॉर्च, अंथरूण, फिनेल, झाडू, फावडी, घमेली.

पाणी उतरलं की कॅमेरे जातात आणि खरं काम उघडं पडतं. घराघरांतला चिखल सुकण्याआधी काढायचा असतो. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय जाऊ नका. पायाला जखम असेल तर त्या दिवशी कागदाचं काम घ्या, कारण उंदरांच्या मुत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि नंतर ताप आला तर पुरात काम केल्याचं त्यांना आठवणीनं सांगा. घर धुण्याआधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात. भिजलेली सातबारा, दाखले, पासबुकं सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मग नुकसानभरपाईचे अर्ज, दुबार कागदपत्रं, शाळेची पुस्तकं. ही कामं दिवाळीपर्यंत चालतात आणि तेव्हा माणसं मोजकीच उरलेली असतात.

तालीम आणि मंडळ हाताशी आहेच

कोल्हापुरात स्वयंसेवक शोधायला लांब जावं लागत नाही, गल्लीच्या टोकाला तालीम असते. पोरं आहेत, मांडववाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत ओळखी आहेत, आणि हाक मारली की येण्याची सवय आहे. फक्त कामाचं कॅलेंडर बदलायचं.

रक्तदानाचंच बघा. एखाद्या जयंतीला किंवा नेत्याच्या वाढदिवसाला शहरभर शिबिरं होतात आणि एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असताना, रक्तपेढ्या दात्यांना फोन करत बसतात. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. एकाच दिवशी सगळ्यांनी दिलेलं रक्त साठवून वर्षभर पुरत नाही. म्हणून मंडळानं शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी, आणि शिबिराबरोबरच रक्तगटानुसार दात्यांची यादी ठेवावी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. भेट म्हणून टिफिन किंवा हेल्मेट ठेवण्याची चढाओढ बंद झाली तर बरं होईल, कारण त्या नादात लोक आजार लपवतात.

कॉलेजच्या मुलांना राष्ट्रीय सेवा योजनेची वाट आहे: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तास भरून काढण्यासाठी रस्ता झाडतानाचे फोटो काढण्यापेक्षा कार्यक्रम अधिकाऱ्यांना एकच संस्था वर्षभरासाठी मागा. प्रमाणपत्र तेच मिळतं.

थांबायचं झालं तर

नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, कधी नुसता कंटाळा येतो. यात लाजण्यासारखं काही नाही, न सांगता गायब होणं तेवढं टाळा. संस्थेला महिनाभर आधी सांगा. मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर शेवटचा दिवस कोणता ते त्यांना स्वतः सांगा, दोन आठवडे आधी, आणि “येत राहीन” असं म्हणू नका, येणार असाल तरच म्हणा. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एक पान लिहून ठेवा: कोण अपूर्णांकावर अडलंय, कुणाच्या डॉक्टरांचा वार कोणता, कुठल्या अर्जाचा टोकन नंबर काय, किल्ली कुणाकडे. ओळखपत्र परत करा, फोनमधले लोकांचे कागदपत्रांचे फोटो पुसून टाका. आणि व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडण्याआधी नव्या माणसाचा नंबर गटात आला आहे ना, तेवढं बघा.